मेंढ्यांचं औषध नावाचं फोल्डर

ओस्टरवार्फ, ४ मार्च

ओक्को,

तुझ्याआधी हे पत्र वाचणाऱ्या तुरुंगातल्या साहेबांना पहिला नमस्कार. साहेब, मागच्या पत्रात मेंढीच्या बाळंतपणाचं जरा जास्तच लिहिलं गेलं, जेवायच्या वेळी वाचलं असेल तर माफ करा. माझी पत्रं ओक्को घेतो की नाही मला कळत नाही. एकही परत आलेलं नाही. म्हणजे एकतर तो घेतो, नाहीतर तुम्हाला आवडायला लागलीत. तसं असेल तर सांगा, मी सरळ तुम्हालाच लिहीत जाईन.

आता तू.

काल पाद्री तुला भेटून इथे आले होते. केकचे दोन तुकडे खाल्ले, हवेबद्दल बोलले, बांधावरच्या वाऱ्याबद्दल बोलले, आणि निघताना कोट चढवल्यावर खिशातून तुझी चिठ्ठी काढली. असा माणूस. तासभर माझ्या स्वयंपाकघरात बसला होता तुझं अक्षर खिशात घेऊन.

"विब्केचे मेल वाचवा. वाचू नका." आणि खाली पासवर्ड. एवढंच. वर "आई" नाही, खाली नाव नाही. असू दे. कोर्टानंतर तुझ्या हातचं पहिलंच अक्षर आहे, ते मी ब्रेडच्या डब्यात ठेवलंय.

पासवर्ड बघून मात्र मला हसू फुटलं. आपला एडका, कायझर! तुझ्या बापाला दोनदा चरात लोळवला होता त्याने, आणि दोन्ही वेळा तू कुंपणावर बसून टाळ्या वाजवत होतास. हाबो असता तर म्हणाला असता, पोराने माझं नाव कुठे लावलं नाही, एडक्याचं लावलं.

तुझ्या मेलच्या टपालपेटीच्या कंपनीचं पत्र माझ्याकडेही आलंय, तुझा पत्ता इथलाच दिलेला आहे ना. धंदा बंद करताहेत. एप्रिल संपला की सगळ्यांच्या पेट्या रिकाम्या. तोवर ज्याने त्याने आपापलं सामान घरी न्यावं.

तू जहाजावर आणि ती इथे, फोन लागायचा नाही म्हणून तुमचा सगळा संसारच त्या पेटीत आहे हे मला ठाऊक आहे. आणायचं म्हणजे आणायचं. पण आणतात कसं? हाबो गेल्यापासून त्याच्या कॉम्प्युटरवर मी फक्त पत्ते खेळते, आणि त्यातही हरते.

आई


ओस्टरवार्फ, १२ मार्च

ओक्को,

मी गावात विचारून बघितलं. बेकरीवाली म्हणते, सगळं कागदावर छापून काढा. मी म्हटलं, छापताना दिसणार नाही का मला? पोराने वाचू नको म्हटलंय. तिला ते पटलं नाही. तिला दुसऱ्याचं काहीच न वाचलेलं पटत नाही.

मग मी थेडाकडे गेले.

हो, थेडाकडेच. विब्केच्या आईकडे. गावात कॉम्प्युटर कळणारी दुसरी कोण आहे? एवढी वर्षं विम्याच्या कचेरीत घालवली तिने. फाटकाशी उभी राहिले, तर दार अर्धंच उघडलं. तिला वाटलं चीज विकायला आले. कोर्टानंतर आमचं नातं मान हलवण्यापुरतंच उरलंय, दुकानात, चर्चमध्ये, कबरीशी. मी म्हटलं, "विहीणबाई, विब्केचे मेल आहेत. महिन्या-दीड महिन्यात पुसले जाणार आहेत."

तिने कोट घेतला आणि निघालीच. शेगडीवरचे बटाटे बंद कर हे मला सांगावं लागलं.

मी चहा टाकला. खडीसाखर, वर सायीचा ढग, सगळं नीट. ती एक कप प्याली आणि चमचा कपात उभा केला. साहेब, तुम्ही इकडचे नसाल तर सांगते, तीन कप प्यायल्याशिवाय उठत नाहीत आमच्याकडे. पहिल्याच कपात चमचा उभा करणं म्हणजे कामापुरती आलेय, माणूस म्हणून नाही.

प्रोग्राम निवडायचा होता. एक होता तो दर महिन्याला पैसे मागत होता. मी म्हटलं, मेलेल्या पोरीच्या पत्रांचं भाडं भरायचं का आपण? थेडाने माझ्याकडे असं बघितलं की मी गप्पच झाले. दुसरा कॉम्प्युटरबरोबर आयताच आलेला. पण तो म्हणे सगळं आधी आपल्या लांबच्या गोदामात नेतो आणि मग आपल्याला दाखवतो. थेडा म्हणाली, एका गोदामातून काढून दुसऱ्यात कशाला टाकायचं. तिसरा फुकट, लोकांच्या देणग्यांवर चालणारा, थंडरबर्ड म्हणून. त्याचं चित्र म्हणजे पाकिटाभोवती अंग मुडपून बसलेलं निळं पाखरू. मला ते पाखरूच आवडलं. अंड्यावर बसल्यासारखं दिसतं. म्हटलं, हे घ्या. थेडा म्हणाली की प्रोग्राम काय तोंड बघून निवडतात का? मी म्हटलं, मी नवरासुद्धा तसाच निवडला होता.

एडक्याचं नाव टाकलं आणि आले. ओळीवर ओळ. विब्के, विब्के, विब्के. वरून खाली नुसतं तिचं नाव.

आणि त्या प्रोग्रामची खोड अशी की ओळीवर टिचकी पडली की खालच्या अर्ध्या भागात मेल आपोआप उघडतो. थेडाचा हात लागला. "अरे माकडा," एवढं मी वाचलं. मी काय करणार, चहाच्या किटलीवरची लोकरीची टोपी काढली आणि स्क्रीनवर दाबून धरली. तिथे आम्ही दोघी. मी टोपी धरून उभी, आणि ती एका हाताने बटणं शोधतेय, माझ्या कोपराखालून.

शेवटी सापडलं. एक बटण दाबलं की खालचा भाग मिटतो, फक्त ओळी राहतात. नाव, तारीख, विषय. बस.

थेडा उठली तेव्हा म्हणाली, "वाचायचं नाही, तर मी इथे कशाला बसलेय?"

मी म्हटलं, उद्या मनुका घातलेली पोळी करणार आहे.

आली ती दुसऱ्या दिवशी.

आई


ओस्टरवार्फ, २५ मार्च

ओक्को,

तुझ्या पाखराला मी आता असं नटवलंय की तू ओळखायचा नाहीस. अक्षरं मोठी केली, माझ्या डोळ्यांना दिसतील एवढी. नवा मेल आला की टिंग वाजायचं, ते मला दातांच्या डॉक्टरकडच्यासारखं वाटायचं. मग थेडाने दाखवलं की आपल्या आवडीचा आवाज लावता येतो. मी गोठ्यात जाऊन आपल्या म्हाताऱ्या मेंढीचं ओरडणं घेतलं. आता मेल आला की ती ओरडते. पहिल्यांदा ओरडली तेव्हा थेडा खुर्चीतून उडाली आणि मग हसली. तोंडावर हात ठेवून, चोरून, पण हसली. मी ते बघितलंच नाही असं दाखवलं.

मग रंग. तू जहाजावर असतानाचे निळे. ती बहिणीकडे हॅम्बर्गला होती तेव्हाचे पिवळे. बाळ राहिलं नाही त्या हिवाळ्यातले थेडाने तारखांवरून ओळखले, मी नाही. त्यांना तिने कुठलाच रंग दिला नाही. तुझ्या नावाखाली रंगारंगाची नवी फोल्डरं केली आणि तिचे सगळे मेल वर्षांच्या क्रमाने त्यांत लावले. विम्याच्या कचेरीत अशीच कपाटं लावायची मी, म्हणाली. आम्ही वाचत नाही हं. आम्ही फक्त धूळ झाडतो.

काल मात्र वेगळं झालं.

वाचलेल्या मेलची ओळ बारीक असते आणि न वाचलेल्याची ठळक, हे तुला माहीतच असेल. तुझे सगळे बारीक. तिचा एकही मेल तू न वाचता ठेवला नाहीस, हे मला बघून बरं वाटलं, थेडालाही वाटलं असावं. आणि मग तळाशी एक ठळक ओळ. तारीख त्या शनिवारची. कोबीच्या सहलीच्या, ती गेली त्या शनिवारची. दुपारचा. विषय: आज रात्रीचं.

तू बंदरावरून थेट इथे आलास त्या दिवशी. पेटी उघडलीच नसशील.

थेडाचं बोट त्या ओळीवर गेलं. मी तिचं मनगट धरलं. म्हटलं, "पत्र त्याचं आहे."

"मुलगी माझी आहे."

"थेडा, त्याने एकच गोष्ट मागितलीय."

"तिनेही एकच मागितली असेल," ती म्हणाली. "घरी पोचवायची."

 याचं उत्तर तुझ्याकडे असेल तर लिही.

ती गेल्यावर मी ती ठळक ओळ उचलली. डावीकडच्या यादीत तुझं नाव आहे, त्याखाली आमची सगळी रंगीत फोल्डरं. पण त्यांच्याही खाली, अगदी तळाला, आणखी एक जागा आहे, "या कॉम्प्युटरवरचं" असलं काहीतरी नाव. रिकामी पडलेली. थेडा तिकडे बघतच नाही, म्हणते ती अडगळ. मी तिथे एक फोल्डर केलं, त्याला नाव दिलं मेंढ्यांचं औषध, आणि विब्केचा तो मेल त्यात सरकवून टाकला. आता तिला तो दिसणार नाही, आणि माझाही हात शिवशिवणार नाही.

आज तिने विचारलं, तो मेल कुठे गेला. मी म्हटलं, माझ्या मोतीबिंदूला विचार. विश्वास बसला नाही तिचा. 

त्याचं काय करायचं ते सांग. एक ओळ पुरे. पाद्र्यांकडे दिलीस तरी चालेल, फक्त त्यांना म्हणावं केकच्या आधी द्या.

आई


ओस्टरवार्फ, १४ एप्रिल

ओक्को,

झालं तुझं काम. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे मेल रांगेत लागले. रविवारी पाद्र्यांना मी तसं सांगितलं, त्यांनी तुला सांगितलं असेलच. विब्केचं सगळं आता घरात आहे, सुरक्षित आहे.

थेडा अजून येते. काम नाही तरी येते. कॉम्प्युटर चालू करते, ओळींवरून नजर फिरवते, तारखा बघते, बंद करते. आता दोन कप पिते. तिसऱ्यावर अजून आलेली नाही.

काल तिने विचारलं. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच. म्हणाली, "कोर्टात तू खरं का बोललीस?"

मी थट्टेवारी नेलं. म्हटलं, पाद्री समोरच बसले होते, खोटं बोलून पुढच्या रविवारी त्यांच्यासमोर जायचं कसं. ती हसली नाही. वाट बघत बसली.

ओक्को, हे आपण कधी बोललो नाही. तू बोलायची सोय ठेवली नाहीस. तेव्हा साहेबांच्या देखतच बोलते.

सहलीच्या दिवशी सगळ्यांच्या गाड्यांच्या चाव्या माझ्या दुधाच्या किटलीत पडतात आणि सकाळी न्याहारीनंतरच बाहेर निघतात. तुझ्या बापाच्या वेळेपासूनची पद्धत आहे ती. ढकलगाडीत बाटल्या असतात, रस्त्याने खेळाचे लाकडी गोळे फेकत फेकत लोक पीत येतात, मग माझ्याकडे कोबी आणि सॉसेज, मग जागा मिळेल तिथे झोपतात. त्या संध्याकाळी मी कोबी वाढत होते. खिडकीतून ओसरी दिसते. तू किटलीत हात घातलास, कोपरापर्यंत, आणि चाव्या खाली-वर करून आपली शोधलीस. विब्के तेव्हा कोट शोधत होती. तुम्ही दोघं गाडीत बसलात ते मी बघितलं. हातातला डाव टाकून सपातांवरच धावले. तोवर मागचे लाल दिवे कालव्याच्या वळणावर होते.

कालव्यातून तू बाहेर आलास. ती नाही आली.

आणि मग तू कोर्टात म्हणालास, चावी विब्केने काढली, तिनेच हातात दिली, म्हणाली चल घरी.

थेडा पहिल्या रांगेत होती. काळा कोट, मांडीवर पर्स. तू बोलत होतास तेव्हा ती पर्सची कडी उघडत होती, लावत होती. मग मला विचारलं, आणि मी बघितलं ते सांगितलं.

काल थेडाला मी शेवटी एवढंच म्हटलं, की विब्केला उत्तर द्यायला तोंड राहिलं नव्हतं म्हणून.

थेडा म्हणाली, "तो तुझा मुलगा आहे."

मी म्हटलं, "हो ना. म्हणून तर."

 निघताना ती म्हणाली, पाखराला हिरवी पार्श्वभूमी बरी दिसेल. मग हिरवी केली.

आई


ओस्टरवार्फ, १ मे

ओक्को,

गेलं.

कसं लिहू. सकाळी मी मे महिन्याचा सजवलेला खांब बघायला चौकात गेले होते. पोरं रात्रभराच्या राखणीने दमलेली, पाळीपाळीने खांबाला हात लावून बसलेली. तूही बसायचास. खांबावर कोणाचातरी हात असला पाहिजे, नाहीतर शेजारगावचे येऊन कुदळीचे ठोके मारतात आणि खांब त्यांचा होतो. कितीही सजवलेला असू दे.

घरी आले. वाटलं तुझं पाखरू बघावं. चालू केलं. मेंढी ओरडली. नवा मेल एकच, त्या कंपनीचा, की आपली पेटी रिकामी करण्यात आली आहे, इतकी वर्षं साथ दिल्याबद्दल आभार.

तो सोडला तर तुझं मुख्य फोल्डर रिकामं होतं, बाकीच्या लोकांचे मेलही गेलेले. मला वाटलं चष्मा पुसावा. पुसला. मग मी निळ्या फोल्डरावर टिचकी मारली. ओळी दिसल्या, जरा थांबल्या, आणि गेल्या. पिवळं उघडलं, तेही तसंच. मी घाबरून एकेक उघडत सुटले, की कुठेतरी असतील, आणि मी उघडेन ते माझ्या डोळ्यांदेखत रिकामं होत होतं. विब्के, विब्के, विब्के आणि मग पांढरं.

रंग नसलेल्यांपाशी हात थांबायला हवा होता. थांबला नाही.

थेडाला अजून सांगितलेलं नाही. तिच्या अंगणात दोरीवर कपडे दिसताहेत. ते वाळेपर्यंत तरी नाही सांगत.


ओस्टरवार्फ, ३ मे

ओक्को,

सांगितलं.

थेडाने कॉम्प्युटर स्वतः बघितला. अर्धा तास बटणं दाबत होती. मग समजावलं मला, अगदी शांतपणे, विमा नाकारताना लोकांना समजवायची तसं. आम्ही बघत होतो ते मेल कंपनीच्याच पेटीतले होते. पाखरू फक्त खिडकी होतं. आम्ही फोल्डरं केली, रंग दिले, वर्षं लावली, ती सगळी कंपनीच्या जागेत. बांधाच्या पलीकडे, समुद्राच्या बाजूला घर बांधावं तसं. इकडे त्यांची नक्कल होती म्हणे, पण पलीकडे पुसलं की नक्कलही पुसायची हाच त्याचा नियम. घरी आणायचं म्हणजे ओढून खाली टाकायला हवं होतं, त्या तळाच्या रिकाम्या जागेत. तिला ती अडगळ वाटली होती.

मी विचारलं, मी फोल्डरं उघडली नसती तर?  ती म्हणाली, इंटरनेटची वायर काढली असती तर बाकीचे कदाचित राहिले असते. तुझी चूक नाही, म्हणाली. ती असं म्हणाली म्हणून सांगते, मला तसं वाटत नाही.

मग ती म्हणाली, "मी वाचायला हवे होते."

एवढंच. रडली नाही. "इथे बसून रोज तारखा बघत होते मी. रोज. तो म्हणाला वाचू नका आणि मी वाचले नाहीत. कोणाचं ऐकलं मी, स्वांट्ये?"

माझं नाव घेतलं तिने, विब्के गेल्यापासून पहिल्यांदा.

मग विचारलं, "एकही नाही?"

आणि मी, जिची जीभ तुझ्या बापाच्या मयतीतही थांबली नव्हती, गप्प बसले. कारण तेव्हाच माझ्या लक्षात आलं, की तळाच्या जागेत एक आहे. मेंढ्यांचं औषध. तिच्यापासून लपवायला म्हणून मी जे खाली ढकललं, तेवढंच घरी आलं.

मी यादी खाली सरकवली आणि दाखवलं. ठळक ओळ. आज रात्रीचं.

मला वाटलं, मारेल. तिने त्या फोल्डराचं नाव वाचलं, मग माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "मेंढ्यांचं औषध. वा."

"जवळ दुसरं नाव नव्हतं."

"उघड."

मी म्हटलं, पेंटेकॉस्टच्या सणापर्यंत थांब, तीन आठवडे. त्याला विचारते. शेवटचं.

"अजून त्यालाच विचारतेस?"

"पत्र त्याचं आहे," मी म्हटलं. "पण पेंटेकॉस्टनंतर तुझं."

तिने मान हलवली. म्हणून आता तुला विचारते, ओक्को. छापून पाठवता येईल, पण मग हे साहेब तुझ्याआधी वाचणार. साहेब, तुमच्याबद्दल राग नाही, पण हा तुमच्यासाठी नाही. तुला हवं असेल तर मी तो तू सुटेपर्यंत जसाच्या तसा ठेवीन, दीड वर्ष काही फार नाही. कॉम्प्युटर पुढच्या खोलीत गोधडीखाली ठेवीन, त्यावर पत्तेही खेळणार नाही. नाहीतर भेटीच्या अर्जावर माझं नाव घाल, मी येऊन विचारते. नाहीतर "नको" एवढंच लिही. काहीतरी लिही. तू गप्प राहिलास तर तेही उत्तरच आहे, आणि ते मी थेडाला देईन.

मी धमकी देत नाहीये. आयुष्यात दिलेल्या सगळ्या धमक्या तू हसण्यावारी नेल्यास, बरोबरच होतं तुझं. ही धमकी नाही.

आई


ओस्टरवार्फ, २५ मे, पेंटेकॉस्टचा सोमवार

ओक्को,

मेंढी ओरडली नाही. पोस्टमनही आला नाही. पाद्री आले, मी केक समोर ठेवला नाही आणि आधीच विचारलं. ते म्हणाले, निरोप दिला होता, त्याने ऐकला, खिडकीबाहेर बघत बसला. खिडकीतून काय दिसतं मी विचारलं. भिंत, म्हणाले.

थेडा काल प्रार्थनेनंतर आली. काळा कोट घालून. तिला म्हटलं बस. कॉम्प्युटर चालू केला, तळाचं फोल्डर उघडून दिलं, खालचा मिटवलेला भाग पुन्हा उघडला, आणि मी खिडकीपाशी जाऊन पाठ करून उभी राहिले. चाव्यांची किटली अजून ओसरीवरच आहे. या वर्षी सहल निघाली नाही. गावात कोणी नावही काढलं नाही.

टिचकीचा आवाज ऐकला. 

मी वळले नाही. हे तुला शपथेवर सांगते, मी एकही शब्द वाचलेला नाही. तुझं ऐकलं मी. माझं कधी कोणी ऐकलं नसेल एवढं.

बऱ्याच वेळाने खुर्ची सरकली. मला वाटलं ती घरी चालली. पण ती जिन्याने वर गेली. तिला माझ्या घराचा वरचा मजला माहीत नाही, तरी गेली. दारं उघडल्याचे, कपाटं उघडल्याचे आवाज. तुझ्या लहानपणीच्या खोलीत. मग खाली आली, आणि तिच्या दोन हातांवर दोन पांघरुणं होती, घडी घातलेली, निळ्या चौकड्यांची.

मी म्हटलं, ही माझी नाहीत.

"नाहीत," ती म्हणाली. "मी शिवून दिली होती तिला. लग्नात."

सव्वा वर्ष ती माझ्या कपाटात होती आणि मला पत्ता नाही. त्या शनिवारी दुपारी विब्के लवकर आली होती, गाडीची चावी किटलीत टाकली, वर काहीतरी ठेवून येते म्हणाली आणि आली. मी कोबी चिरत होते. विचारलंच नाही काय ठेवलं.

दोन पांघरुणं, तुझ्या खोलीत, त्या रात्रीसाठी. तुझ्या लक्षात आलं असेल. आलं असेल तर आलं. त्या मेलमध्ये काय आहे ते मी लिहिणार नाही, मला माहीतही नाही, आणि थेडा सांगायला तयार नाही. ती म्हणते, मी त्याच्या तोंडावर सांगेन. पत्राने नाही, पाद्र्याकडून नाही, यांनी आधी वाचून नाही. साहेब, हे तुम्हाला उद्देशून आहे, तिच्यातर्फे. ती म्हणते, त्याला सांग अर्ज कर. दोन नावं घाल. आधी तिचं, मग माझं.

मी विचारलं, तू ओरडणार आहेस का त्याच्यावर. म्हणाली, नाही. वाचून दाखवणार आहे. पाठ झालंय.

मग ती बसली आणि कप पुढे केला. तीन कप प्याली. चौथाही भरून ठेवला होता, तो तसाच गार झाला, कोणी उचलला नाही.

ती ओळ आता बारीक झालीय, बाकीच्यांसारखी होती तशी. बाकीच्या नाहीत, ही आहे. थेडाने तिची नक्कल करून कॉम्प्युटरबाहेर काढली, एक काडीएवढी वस्तू आहे, ती तिने गळ्यात साखळीला लावलीय. मी म्हटलं, विहीणबाई, दागिना शोभतो. तिने माझ्याकडे बघितलं आणि या वेळी गप्प बसायला लावलं नाही.

यापुढे मी मेंढ्यांचं, गावाचं काही लिहिणार नाही. जे सांगायचं ते आता तिच्याकडे आहे. दोन नावं, ओक्को. फॉर्मवर जागा असते, पाद्री म्हणाले.

पांघरुणं खाली स्वयंपाकघरात बाकावर आहेत. धुवायला घेतली होती मी. थेडाने धुवू दिली नाहीत.

तुझी आई